म्हाळूच्या पायातला देव

म्हाळूला लांबून येताना लोक तोंडावरून ओळखत नसत, चालीवरून ओळखत. चकलांब्याजवळच्या माळावर धनगरांची वस्ती आहे, तिथला हा म्हाळू. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन गोदावरीच्या काठाला उतरायचं, पीक निघालेल्या रानात कळप बसवायचा, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून ज्वारी घ्यायची, आणि चैत्रात बिरोबाच्या जत्रेला परत माळावर चढायचं, असं त्याचं वर्ष होतं. अंगाने तो फार थोराड नव्हता. पण पाय असे, की वाट त्याच्या पायांखालून आपसूक मागे सरकते आहे असं बघणाऱ्याला वाटावं.

रतनबाई लग्न होऊन आली तेव्हा पहिलं वर्षभर तिने नवऱ्याचं तोंड धड बघितलं नव्हतं. डोक्यावर बोचकं घेऊन ती त्याच्या मागून चालायची, आणि खाली घातलेल्या नजरेला दिसायचे ते त्याचे पाय. भेगाळलेल्या टाचा, पोटरीवरची तट्ट शीर, उजव्या घोट्याजवळ कुत्र्याने घेतलेल्या चाव्याचा वण. तोंडाच्या आधी तिला त्या पायांची माया लागली. पुढे लेकरं झाली, संगीता नावाची थोरली लेक लग्न होऊन नांदायलाही गेली, तरी रतनबाईची नजर आधी खालीच जायची.

ती सगळं पालटत चाललेली वर्षं होती. गेवराईत रस्त्याच्या कडेला एसटीडीची पिवळी खोपटी उभी राहिली होती. गिरणीच्या रंगीत ब्लँकेटांपुढे घोंगडीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. म्हाळूचा धाकटा भाऊ भागवत मेंढरं सोडून गेवराईच्या रस्त्यावर माणसं भरून नेणारी वडाप जीप चालवू लागला होता. वस्तीतले म्हातारे म्हणायचे, देव रुसलाय. रुसायला कारणही होतं. म्हाळूचा बाप हा बिरोबाचं झाड होता. झाड म्हणजे ज्याच्या अंगात देव येतो तो माणूस. ढोल वाजला की आधी त्याच्या पायांना थरथर सुटायची, मग कमरेला, मग खांद्यांना, आणि शेवटी तोंडातून देवाचा बोल निघायचा. म्हातारा गेला आणि देवाला अंगच उरलं नाही. दर जत्रेला लोक ढोल वाजवून वाट बघत, आणि नुसतेच घरी जात.

म्हाळूच्या पायाची पहिली थरथर रतनबाईने बघितली ती गोदाकाठच्या एका बांधावर. तो न्याहारीला बसला होता. टाच उचललेली, चवडा जमिनीला टेकलेला. आणि एकाएकी डावा पाय उडायला लागला, शिंप्याच्या मशीनची पायटी हलावी तसा. थाळीतलं कोरड्यास सांडलं.

"अवो, पाय कावून नाचतोय?" ती हसून म्हणाली.

"तुला बघून नाचतोय," म्हाळू म्हणाला, आणि गुडघा दाबून धरला. टाच खाली टेकली तसा पाय थांबला.

पाय थरथरणं तिला नवं नव्हतं. उपाशीपोटी दिवसभर चाललं की थरथरायचे. हिवतापातून उठल्यावर थरथरायचे. तरणेपणी कुस्ती मारून आल्यावरही थरथरायचे, आणि तो हसत ते दाखवायचा. ती थरथर भाकर खाल्ली, झोप झाली की निघून जायची. ही जाईना. उलट उजव्या पायातही आली. पाठीत खांद्याच्या दोन फऱ्यांच्या मधे एक जागा ठणकत राहायची. दिवस कलला की अंग कोमट व्हायचं. माणूस वाळत चालला. चालताना पाय लाकडासारखे ताठ पडायला लागले. आणि एके दिवशी त्याची चप्पल मागे वाटेतच राहिली. रतनबाईने ती उचलून आणून पुढे धरली, तेव्हा त्याने खाली बघितलं आणि मगच त्याला कळलं की आपला एक पाय अनवाणी आहे.

"तुमाला चटका बसला न्हाई?"

"ध्यान नव्हतं," तो म्हणाला.

भागवतने जीप घेऊन जाऊन दोघांना वेळेआधीच माळावर आणलं. म्हाळू ओट्यावर टेकला, चवडे जमिनीला लागले, आणि दोन्ही पाय उडायला लागले. म्हातारी आई मुक्ताबाई सूप घेऊन बसली होती. तिच्या हातातलं सूप गळून पडलं.

"आला!" ती म्हणाली. "आला गं माझा धनी! बापावर आला तस्सा, पायापासून!"

म्हातारी धावत जाऊन भंडारा घेऊन आली आणि मुठीने लेकाच्या पायांवर उधळला. पिवळे झालेले पाय उडतच होते. वस्ती गोळा झाली. ढोल वाजवणारा सटवा सगळ्यात म्हातारा, त्याने वाकून निरखून बघितलं आणि हात जोडले.

"आये, अंगात काय बी न्हाई माझ्या," म्हाळू म्हणाला. "नुसते पाय हायती."

"देव काय डोक्यावर उडी मारतो व्हय बे?" सटवा म्हणाला. "पायापासूनच चढतो तो. तुझ्या बापाला बोलायला लई वर्सं लागलती. तू दम धर."

"दम धरतो, पर मला उभं तर ऱ्हाऊ द्या."

"उभा कशाला ऱ्हातो? देव बसला की माणसानं बसावं."

लोक हसले. म्हाळूही हसला. रतनबाईला मात्र त्याच्या हसण्यात काहीतरी सैल पडल्यासारखं दिसलं. ज्याची घोंगडी बाजारातून परत येत होती, ज्याच्या भावाने कळप सोडला होता, त्या माणसाच्या पायांना वस्तीतले म्हातारे हात लावून नमस्कार करत होते. ते त्याला गोड लागलं, आणि त्यासाठी तिला त्याला दोष देववला नाही. तिलाही गोड लागलं होतं. पाणवठ्यावर बाया आता तिच्यासाठी बाजूला सरकत होत्या.

आणि मग ते झालं. सकाळी ती अंथरूण गोळा करायला गेली तर घोंगडी ओली. तिला वाटलं मांजराने घाण केली. मांजराला शिव्या घालत तिने घोंगडी उचलली, तर म्हाळूने तिचा हात धरला. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"मांजर न्हाई," तो म्हणाला.

ती खाली बसली.

"कळतच न्हाई मला," तो म्हणाला. "दिवसा बसलो तर व्हत न्हाई, लई जोर करावा लागतो. आन् झोपेत आपुआप. रतने, हे कुणाला कळता कामा न्हाई."

"भावजींना सांगू. त्ये तालुक्याला नेतील."

"न्हाई!" त्याने देव्हाऱ्यातली वाटी ओढली. "भंडारा उचल. माझ्या तोंडासमोर उचल."

भंडारा उचलून दिलेला शब्द त्या वस्तीत मोडत नाहीत. मोडला तर कळपाला रोग येतो, वंशाला येतो, असं मानतात, आणि मानतात म्हणजे खरोखरच मानतात. जमिनीचे तंटे तिथे कोर्टात जात नाहीत, भंडाऱ्यावर मिटतात. रतनबाईने हात मागे घेतला. म्हाळूने तो पुढे ओढला नाही. नुसता म्हणाला, "लोक पाया पडतात माझ्या. त्येंनी उद्या नाक दाबावं व्हय?"

तिने चिमूट उचलली. कपाळाला लावली. जे पाहिलं ते तोंडातून काढणार नाही, असं म्हणाली. त्या दिवसापासून ती घोंगडी पहाटेच धुवायची, आणि कुणी विचारलं तर मांजराचं नाव घ्यायची.

भागवतचा देवावर विश्वास नव्हता असं नाही. जीपच्या काचेला त्याने बिरोबाचा फोटो चिकटवला होता. पण रोज गेवराईत उठबस असल्यामुळे त्याला दवाखान्याच्या पायऱ्यांची भीती उरली नव्हती. तो म्हणाला, "आये, देव आसंल तर डॉक्टरला बी दिसंल की. दाखवून आणतो." म्हातारी कुरकुरली, पण गेवराईला जाऊ दिलं.

गेवराईचा डॉक्टर वयस्क होता, घाई नसलेला. त्याने म्हाळूला खाटेवर बसवून गुडघ्याखाली छोटी हातोडी मारली. पाय लाथ मारल्यासारखा वर आला. मग त्याने चवडा हातात धरून वरच्या बाजूला झटकन दाबला, आणि पाय त्याच्या तळहातावर टकटक टकटक उडत राहिला. डॉक्टर ते बघत राहिला. मग पाठीवरून बोट फिरवत आणलं. दोन फऱ्यांच्या मधे म्हाळू कळवळला.

"हे बघा," डॉक्टर खुर्ची ओढून बसला, "पाय थरथरले म्हणून माझ्याकडे लई लोक येतात, आणि बहुतेकांना मी घरी पाठवतो. कुणी उपाशी राबलेलं असतं. कुणाचं उन्हात घामावाटे मीठ-पाणी गेलेलं असतं. कुणी तापातून उठलेलं, कुणी घाबरलेलं, कुणी दिवसभर चहावर. दम्याच्या गोळीनं थरथरतात, दारू एकाएकी सोडली तर थरथरतात, गळ्याची गाठ सुजली तर थरथरतात. एखाद्या म्हाताऱ्याचा पाय बसल्या जागी हलतो, तो वेगळा आजार, त्यालाही औषध आहे. विसावा घेतला, पोटात अन्न-पाणी गेलं आणि थांबलं, तर भ्यायचं कारण नाही. नाहीच थांबलं, पुन्हा पुन्हा यायला लागलं, तर दाखवायचं."

"मग ह्येंचं?" भागवतने विचारलं.

"यांचं पायातलं नाही, पाठीतलं आहे. मणक्यात काहीतरी दाबतंय. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, आणि या आठवड्यातच." मग त्याने म्हाळूकडे बघून सरळ विचारलं, "लघवीचं कसं आहे? अडते? नकळत होते?"

खोलीत पंखा फिरत होता. भिंतीवर साबणाच्या कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यावर एक गोरं बाळ हसत होतं. रतनबाई त्या बाळाकडे बघत राहिली.

"चांगलं हाय," म्हाळू म्हणाला.

"बाई, तुम्ही सांगा."

कपाळावर अजून भंडारा आहे असं तिला वाटलं, आणि तिने पदराने कपाळ पुसलं. "चांगलं हाय," तीही म्हणाली.

"नीट ऐका," डॉक्टर म्हणाला. "लघवी अडली, किंवा न कळता झाली, मांड्यांत बधिरपणा आला, पाय उचलेना झाले, यातलं एकही झालं तर आठवड्याची वाट बघायची नाही. त्याच दिवशी निघायचं. हातात असलेलं काम टाकून."

त्याच दिवशी. जीपमधे रतनबाई मागच्या फळीवर बसून ते दोन शब्द गिळत राहिली. पुढच्या सीटवर भागवत बोलत होता, म्हाळू ऐकत होता. "दादा, परवा निघू. सोमवारी."

"जत्रा झाल्यावर," म्हाळू म्हणाला.

"जत्रेला लई दिस हायती अजून."

"वस्तीनं बकरी बोललीती. आये वाट बघती. डॉक्टर म्हणला न्हवं, लघवीबिघवीचं झालं तरच घाई. तसलं काय झालंय का?"

भागवतने मागे वळून बघितलं. "वैनी, न्हाई ना झालं तसलं?"

तिने तोंड जीपच्या बाहेर काढलं. वारा तोंडावर आला आणि डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई," ती म्हणाली.

जत्रेच्या दिवशी म्हाळूला दोघांनी खांद्याखाली धरून बिरोबाच्या ठाण्यावर नेलं. सटवाच्या आता एक गोष्ट लक्षात आली होती. म्हाळूला उंच दगडावर बसवून चवडे खाली टेकवले की देव लवकर येतो, आणि टाचा टेकल्या की जातो. त्याने बरोबर तेवढ्या उंचीचा दगड शोधून आणला होता. ढोल सुरू झाले. पाय उडायला लागले. भंडाऱ्याने हवा पिवळी झाली. लोक एकेक करून पुढे येत होते. पाऊस कधी पडंल? म्हैस गाभण का ऱ्हात न्हाई? पोराला पुण्यात कंपनीत काम लागंल का? म्हाळू काही बोलत नव्हता. सटवा त्याच्या तोंडाशी कान न्यायचा आणि स्वतःच सांगायचा, "लागंल म्हणतोय. पर नारळ फोड."

बाया रांगेत होत्या. रीतीप्रमाणे रतनबाईलाही पुढे ढकललं. तिने वाकून त्या पायांवर डोकं ठेवलं. ते तिच्या कपाळाला धडधड लागत होते. वर बघितलं तर म्हाळू तिच्याकडेच बघत होता, आणि त्या डोळ्यांत देव नव्हता. दलदलीत रुतलेलं मेंढरू जसं धन्याकडे बघतं, तसं तो बघत होता. मागच्या बाईने तिला बाजूला सारलं.

जत्रेनंतर दोन-तीन दिवस गेले आणि एका सकाळी मुक्ताबाई ओरडत बाहेर आली. थरथर थांबली होती. चवडे टेकवा, गुडघा हलवा, पाय शांत. म्हातारीने वस्तीत गूळ वाटला. "देव निवला. नैवेद्य पोचला त्याला."

म्हाळूने रतनबाईला हाक मारली. किती दिवसांनी त्याचा आवाज हलका झाला होता. "रतने, बघ की! ताठपणा बी गेला. कसे मऊ पडलेत."

तिने पाय चेपून बघितले. खरंच मऊ होते. ती तिथेच भिंतीला टेकून रडली, आनंदाने रडली, आणि मनातल्या मनात देवाची माफी मागितली की मी डॉक्टरच्या बोलण्याला भुलले होते.

"आता जरा उठवा मला. बाहीर जाऊन येतो," तो म्हणाला.

तिने एका बाजूने धरलं. तो उठला नाही. पाय चटईवर लोळत आले.

"दमलाय गं," म्हातारी म्हणाली. "देव एवढे दिस पायात व्हता. निजू दे."

रतनबाईने त्याला निजू दिलं. दुपारी ती घोंगडीची फाटलेली कड शिवत त्याच्याजवळ बसली होती. आईवाचून राहिलेलं एक कोकरू घरात फिरत होतं, ते चढून म्हाळूच्या पावलावर उभं राहिलं. त्याची टोकदार खुरं बोटांत रुतली होती. म्हाळू जागा होता. तिच्याशी संगीताबद्दल बोलत होता, आखाडात तिला माहेरी आणू म्हणत होता. त्याने पायाकडे बघितलंही नाही. रतनबाईने कोकराला हाकललं. मग हातातला दाभण तिने त्याच्या तळव्याला लावला, हळूच, आणि मग जोरात. रक्ताचा थेंब आला.

"…आन् जावयाला एक घोंगडी द्यायची," म्हाळू बोलत होता. "गिरणीची न्हाई, आपली."

ती उठली ती थेट रस्त्यावर गेली. भागवतची जीप येईपर्यंत उन्हात उभी राहिली. जीप थांबली, आत माणसं कोंबलेली होती, कुणी टपावर, कुणी मागे लोंबकळत. तिथे त्या सगळ्या माणसांसमोर ती म्हणाली, "भावजी, त्येंची लघवी जत्रेच्या लई आधीपासून न कळता व्हती. मी भंडारा उचललाता. मी मोडला. आता माणसं उतरवा आन् चला."

भागवतने माणसं उतरवली.

मुक्ताबाई दारात आडवी झाली. "भंडारा मोडून आलीस? माझ्या लेकाचं वाटोळं करतीस?" म्हाळूला खांद्यावर घेताना भागवत रडत होता. म्हाळू रडला नाही. त्याने फक्त रतनबाईकडून तोंड फिरवलं. चकलांब्यापासून अंबाजोगाईपर्यंत अवघा जिल्हा आडवा ओलांडला, पण तो तिच्याशी बोलला नाही.

अंबाजोगाईला फोटो निघाले, रक्त गेलं, पाठीत सुई गेली. तरुण डॉक्टरने भागवत आणि तिला बाहेर बोलावून समजावलं. मणक्याला क्षय झाला होता. छातीला होतो तोच, पण हाडात. त्याचा पू आतल्या दोरीवर दाबत होता, ज्या दोरीतून पायांना हुकूम जातात.

"पर थरथर तर थांबलीती," रतनबाई म्हणाली. "आमी गूळ वाटला."

डॉक्टर म्हणाला, "बाई, थरथर होती तेव्हा दोरी दाबलेली होती, पण जिवंत होती. थरथर थांबली म्हणजे बरं झालं असं नाही." मग त्याने विचारलं, "लघवीचं कधीपासून?"

तिने सांगितलं. या वेळी कुठलीही भिंत न बघता, सगळं सांगितलं.

"ऑपरेशन करू. औषध दीड वर्ष घ्यावं लागेल, एक दिवस चुकवायचं नाही. जीव वाचेल." तो कागद चाळत राहिला. "पायांचं मी आज सांगू शकत नाही."

ऑपरेशन झालं. ताप उतरला, अंगावर मांस आलं. रोज सकाळी डॉक्टर यायचा, चवडा वर दाबायचा, आणि पाय उडतो का ते बघायचा. पाऊल त्याच्या हातात मेणाच्या बाहुलीसारखं पडून राहायचं. तो निघून गेला की रतनबाई स्वतः दाबून बघायची. दोनदा, तीनदा. कधी दुसऱ्या अंगाने बसून. एकदा तिला वाटलं बोट हललं. तिने भागवतला ओढत आणलं, तर तो तिच्याच हाताचा कंप होता.

आखाड लागल्यावर शेजारच्या खाटेला एक नवी बाई आली, आपल्या सासऱ्याला घेऊन. केजकडची, सरस्वतीबाई नावाची. म्हाताऱ्याचा पाय उडत होता.

"तुमच्या मालकांचं बी ह्येच का, बाई?" तिने विचारलं. "आमच्या गावात म्हणत्यात उष्णता हाय. सब्जा घाला पाण्यात."

म्हाळू डोळे मिटून पडला होता, पण झोपलेला नव्हता. रतनबाईला ते माहीत होतं. तिने आवाज खाली केला नाही.

"आमच्या ह्येंचा बी आसाच उडायचा. तुमी आधी त्येंना लघवीचं इचारा. ते लाजतील, न्हाई म्हणतील. तरी इचारा. अंथरूण हात लावून बघा. पाय ताठ पडतो का, चप्पल निसटते का, त्ये बघा. आन् कायबी आसलं तर ह्या डॉक्टरला आत्ताच्या आत्ता सांगा. आमी सांगितलं न्हाई. ह्येंनी मला आण घातलीती, आन् मी पाळली."

बाई घाबरून उठली आणि सासऱ्याच्या कानाशी वाकली. म्हातारा तिच्यावर खेकसला. ती पुन्हा वाकली.

म्हाळूने चादर तोंडावर ओढून घेतली. चादर छातीवर वरखाली होत राहिली. रतनबाई त्याच्या पायथ्याशी बसून होती. चादर काढावी असं वाटलं, पण काढायला हात गेला नाही. बऱ्याच वेळाने चादरीआडून तो बोलला, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा.

"दाब बरं," तो म्हणाला. "आज बघ."

तिने त्याची टाच मांडीवर घेतली आणि चवडा वर दाबून धरला.

"काय झालं?" चादरीआडून त्याने विचारलं.

तिने दाब सोडला नाही. पाऊल गार होतं.

"न्हाई," ती म्हणाली. "उद्या पुन्यांदा बघू."